जंगलाला जड न होणारं बिऱ्हाड : विदर्भातल्या अभयारण्यांच्या इमारती आणि रोजचा कारभार

‘आपलं अभयारण्य पर्यावरणपूरक करायचं’ असं बैठकीत कुणी म्हटलं, की आठवडाभरात टेबलावर सोलरचं कोटेशन येऊन पडतं. पॅनल छपरावर चढतात, फीत कापली जाते, फोटो निघतो. दोन-तीन पावसाळे गेले की बॅटरी बसलेली असते, इन्व्हर्टरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि मागच्या बाजूला जनरेटर पूर्वीसारखाच धडधडत असतो. विदर्भातल्या जंगलांत वावरणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही.

हा लेख या कामात नव्याने पडलेल्यांसाठी आहे. नुकतेच रुजू झालेले वनरक्षक-वनपाल, इको विकास समितीवर आलेली गावातली मंडळी, गेटवरचं निवास किंवा निसर्ग माहिती केंद्र चालवायला घेतलेले बचत गट, सगळ्यांसाठी. ताडोबा, पेंच, मेळघाट यांच्याकडे माणसं आणि पैसा त्यातल्या त्यात बरा असतो. टिपेश्वर, काटेपूर्णा, ज्ञानगंगा, चपराळा, कारंजा-सोहोळ अशा ठिकाणी एका वनरक्षकालाच वायरमन, प्लंबर आणि स्वागतक व्हावं लागतं. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तीच ठिकाणं आहेत.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एक कसोटी लावा: तालुक्याच्या गावात जी वस्तू दुरुस्त होत नाही, ती जंगलात बसवायची नाही. याला एक-दोन अपवाद आहेत, ते त्या-त्या जागी येतील.

१. आधी वही घाला

कुठलीही खरेदी करण्याआधी साधी दोनशे पानी वही घ्या आणि महिनाभर रोज पाच गोष्टी लिहा: विजेच्या मीटरचं रीडिंग, जनरेटरमध्ये टाकलेलं डिझेल, पाण्याची टाकी किती वेळा भरली, किती किलो सरपण जळालं, आणि किती पोती कचरा निघाला. सरपण मोजायला ताणकाटा पुरतो. अंदाजपंचे ‘दोन मोळ्या’ असं लिहू नका, प्रत्येकाची मोळी वेगळी असते.

शक्य असेल तर ही नोंद मे, ऑगस्ट आणि डिसेंबर अशा तीन महिन्यांत करा. मे महिन्यात पाणी आणि कूलर, डिसेंबरात सरपण, आणि पावसाळ्यात खंडित वीज, असे तीन वेगळेच हिशोब निघतात. एका महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधला की नियोजन हमखास फसतं.

लहान जनरेटरमध्ये एका लिटर डिझेलला साधारण तीन युनिट वीज मिळते. डिझेलचा भाव नव्वद रुपयांच्या आसपास धरला तरी युनिट तीस रुपयांना पडलं. महावितरणच्या युनिटपेक्षा हे कितीतरी महाग आहे. हा एक आकडा वहीत लाल शाईने लिहून ठेवला की पुढच्या बैठकीत फारसं भांडावं लागत नाही.

नोंद साहेबांनी करायची नसते. चौकीदार, खानसामा, पंप चालू करणारा वनमजूर यांनी करायची. टाकी रात्री कशामुळे वाहून जाते, कुठला नळ गळतो, पाहुणे गेल्यावर कुठल्या खोलीतला पंखा फिरतच राहतो, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. विचारलेलं मात्र कुणी नसतं.

२. परवानगीचं काय

थोडक्यात सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३३ प्रमाणे अभयारण्याचं व्यवस्थापन मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अखत्यारीत असतं. आत व्यापारी निवास किंवा हॉटेल बांधायचं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमंजुरी लागते. तेव्हा नवीन इमारतीचं स्वप्न बाजूला ठेवा आणि आहे तीच इमारत सुधारा. आधी उभ्या असलेल्या भिंतीसाठी नव्याने सिमेंट, रेती, पाणी काहीच लागत नाही, पर्यावरणाच्या हिशोबातही तीच सर्वांत स्वस्त. बफरमध्ये (जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात) किंवा गेटबाहेरच्या गावात काम असेल तर ग्रामपंचायत आणि वनपरिक्षेत्र कार्यालय दोन्हीकडे लेखी विचारून ठेवा.

३. ऊन भिंतीबाहेर ठेवा

विदर्भात इमारतीचा खरा शत्रू ऊन. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा वेळी टिनाच्या खोलीत दुपारी माणूस बसू शकत नाही. मग कूलर, कूलरला पाणी, पाण्याला पंप, पंपाला वीज, अशी साखळी सुरू होते. या साखळीची पहिली कडी छप्पर आहे. म्हणून पैसे आधी तिथे घाला.

जुन्या वनविश्रामगृहांकडे एकदा नीट बघा. जाड भिंती, उंच छत, चारी बाजूंनी रुंद ओसरी, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. हे शोभेसाठी केलेलं नव्हतं. सेवाग्रामची बापू कुटी मातीच्या भिंती, बांबू आणि कवेलू यांवर उभी आहे. एकदा वैशाखातल्या दुपारी तिथे जा, बाहेरच्या रस्त्यावर उभे राहा आणि मग आत येऊन बसा. इमारत कशी असावी यावर व्याख्यान ऐकण्यापेक्षा ते बरं.

मग कवेलू जाऊन टिन का आलं? वानरं. कळप छपरावर नाचला की कवेलू फुटतात, दर वर्षी पावसाआधी फेरावे लागतात, आणि कवेलू फेरणारी माणसं आता गावात सहज मिळत नाहीत. ही अडचण खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करून ‘पारंपरिक छप्पर घाला’ असं सांगण्यात अर्थ नाही. मधला मार्ग असा: वर टिन राहू द्या, पण त्याखाली हातभर मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत घाला. मधली गरम हवा निघून जायला दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळी लावलेले झरोके ठेवा. जाळी बारीक हवी, नाहीतर महिन्याभरात वटवाघळांचं कुटुंब राहायला येईल. तट्टे स्थानिक बुरूड कारागिरांकडून विणून घ्या. त्यांचा व्यवसाय आधीच मोडकळीला आला आहे, आणि फाटलेला तट्टा बदलायला तोच माणूस सायकलवर येतो.

टिनाला बाहेरून ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. स्लॅब असेल तर चुन्याचे दोन हात पुरतात, त्यात थोडा डिंक मिसळला तर पहिल्याच पावसात धुऊन जात नाही. हे काम मार्चमध्ये करायचं. मे महिन्यात स्लॅबवर चढून चुना मारायला कुणी तयार होत नाही, आणि होऊही नये.

पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त तापते. तिच्यासमोर ओसरी काढता आली तर उत्तम, नाहीतर बांबूचा मांडव घालून त्यावर वेल चढवा. कडुनिंब, करंज अशी इथलीच झाडं लावा, पण छपरावर फांद्या येणार नाहीत इतकी लांब. फांदी आली की वानर आलं, आणि फेब्रुवारीपासून वाळलेल्या पाल्याचा थरही आला. वणव्याच्या दिवसांत छपरावरचा तो पाला पेटायला एक ठिणगी पुरते.

आता कूलर. नागपूर-वर्ध्याकडे उन्हाळ्याची सुरुवात कूलर खाली काढण्यानेच होते, आणि कोरड्या हवेत तो एसीपेक्षा शहाणाही आहे. पंखा आणि छोटी मोटर इतकीच वीज खातो. पण पाणी पितो. मोठा कूलर कोरड्या दिवशी शंभर लिटर पाणी सहज उडवतो. दहा खोल्यांना दहा कूलर म्हणजे रोज हजार लिटर, तेही अशा महिन्यात जेव्हा आतल्या पाणवठ्यांत टँकरने पाणी टाकावं लागतं. म्हणून आधी छप्पर, मग कूलर, हा क्रम उलटा करू नका. खोली थंड ठेवली असेल तर तोच कूलर संध्याकाळी तीन-चार तास चालवून भागतं. ताटी लाकडाच्या भुशाऐवजी वाळ्याची वापरा. वाळा कुठून आणायचा ते पाण्याच्या पायरीत येतंच आहे.

एसी सरसकट नको, पण रक्ताचे नमुने किंवा औषधं ठेवायची खोली, वायरलेसची यंत्रं अशा जागी लागला तर लावा, पंचतारांकित घ्या आणि ती खोली लहान ठेवा.

४. माती, बांबू, विटा

दुरुस्ती करताना किंवा संरक्षण कुटी नव्याने बांधताना ‘माती म्हणजे पर्यावरणपूरक’ एवढ्यावर थांबू नका. पश्चिम विदर्भात, म्हणजे अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम भागात पायाखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची भिंत घातली तर पहिल्याच वर्षी तडे जातात. जुन्या लोकांनी घरं गावठाणातल्या पांढऱ्या मातीची बांधली ती उगाच नाही. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्या. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत लाल-पिवळसर माती मिळते. भाताचा कोंडा किंवा तणस कालवून तिची भिंत चांगली धरते. ठरवण्याआधी मातीचा एक गोळा वळून सावलीत सुकवा. भेगा पडल्या तर त्यात रेती वाढवा.

जोतं मात्र दगडाचं आणि गुडघाभर उंच घ्या. उधईने (वाळवीने) लाकूड पोखरू नये म्हणून लोक जोत्यात भसाभसा औषध ओततात. ते झिरपून शेवटी विहिरीत जातं. उंच जोतं, भिंतीला लागून रचलेली लाकडं नाहीत, आणि महिन्यातून एकदा भिंतीवरच्या मातीच्या नळ्या खरवडून काढणं, एवढ्याने बरंचसं काम होतं.

बांबू विदर्भाचा आहे. मानवेल इथे मुबलक, कटांगही मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ पासून ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकायला सुरुवात केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनेही हाच मार्ग धरला. जवळपास अशी ग्रामसभा असेल तर बांबू तिच्याकडूनच घ्या. पैसा गावात राहतो आणि माल कुठून आला ते कागदावर असतं.

बांबू तीन वर्षांपेक्षा जुना, पावसाळ्यानंतर हिवाळ्यात तोडलेला हवा. कोवळा बांबू किडा पोखरतो, दोन वर्षांत पीठ पडायला लागतं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून मग सावलीत सुकवला तर किडा लागत नाही, पण हे द्रावण पावसाच्या पाण्याने धुऊन जातं. म्हणून असा बांबू छपराखाली वापरा, उघड्यावर नाही, आणि उरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका. शंका आली तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकून या. स्वयंपाकघराला मात्र बांबू नको.

वर्ध्याचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७६ पासून कमी खर्चाच्या ग्रामीण घरांवर काम करतं. कुंभाराच्या चाकावर केलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकात एक गुंतवून कमानीसारखं छत घालायची त्यांची पद्धत आहे. त्याला लोखंड लागत नाही, लाकडाचा आढाही लागत नाही. माहिती केंद्रासारख्या एखाद्या खोलीवर हे करून बघण्यासारखं आहे.

पक्क्या विटाच हव्या असतील तर चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा इथल्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून केलेल्या विटा मिळतात. भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, सुपीक मातीही जात नाही. पण शंभर-दीडशे किलोमीटरवरून ट्रकने आणायच्या असतील तर हिशोब पुन्हा मांडा.

५. पाणी : इथे सर्वांत जास्त वेळ द्या

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी आणि नीलगायीच्या पिण्याचं पाणी एकाच भूजलातून येतं. निवासात वाचलेलं पाणी जंगलाच्याच खात्यात जमा होतं.

सुरुवात गळतीपासून. रात्री सगळे झोपल्यावर टाकीची पातळी खडूने खुणावा, पहाटे पुन्हा बघा. उतरली असेल तर कुठेतरी गळतंय. वॉशर, फ्लोट, फ्लशची टाकी, बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि वॉशर तर गावच्या किराणा दुकानातही मिळतो.

छपराचं पाणी. शंभर चौरस मीटर छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर वाया गेलेलं वजा करूनही ऐंशी हजार लिटरच्या आसपास पाणी उतरतं. पूर्व विदर्भात यापेक्षा जास्त पडतो, पश्चिमेकडे कमी. पण हे पाणी नेमकं तेव्हा पडतं जेव्हा कोअरचं (जंगलाच्या गाभ्यातलं) पर्यटन बंद असतं. ऐंशी हजार लिटर मे महिन्यापर्यंत साठवायला लागणारं टाकं बांधण्याइतका पैसा बहुतेकांकडे नसतो. म्हणून दहा-पंधरा हजार लिटर झाकलेल्या टाक्यात ठेवा आणि बाकीचं गाळून विहिरीत किंवा बोअरच्या बाजूच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी वळवून टाकायला पाइपला वेगळं तोंड ठेवा, त्यात धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा असते.

पूर्व विदर्भात काम करत असाल तर आसपासचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, एकदा फिरून बघा. इमारतीच्या आवारातून वाहून जाणारं पाणी जर जुन्या बोडीकडे वळवता येत असेल तर नवं काहीच बांधायची गरज नाही. गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं हे रोजगार हमीतूनही होऊ शकतं.

सांडपाणी. सगळीकडे एकच शोषखड्ड्याचा नकाशा दिला जातो, आणि काळ्या मातीत तो हमखास तुंबतो. आधी तपासा: फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच असेल तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर वाफा करा.

हा वाफा मला सर्वांत आवडतो. न्हाणीघर आणि मोरीचं पाणी आधी एका लहान टाकीत येऊ द्या, तिथे तेलकट थर आणि गाळ बसतो. तिथून ते खडी आणि रेतीने भरलेल्या, खाली प्लास्टिक किंवा सिमेंटचा तळ असलेल्या दोन-तीन फूट खोल वाफ्यातून हळूहळू सरकतं. वाफ्यात वाळा लावा. त्याची मुळं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ करतात, आणि वर्ष-दीड वर्षाने तीच मुळं खणून, धुऊन, वाळवून कूलरच्या ताटीला वापरता येतात. गेटवरच्या गावात कूलर घराघरांत आहेत, ताट्या बांधून विकणारा बचत गट उभा राहिला तर वाफ्याची देखभाल आपसूक होते. वाफ्यातून निघालेलं पाणी परसबागेला द्या. पिण्याला नाही, आणि जनावरांच्या पाणवठ्यालाही नाही.

शौचालय दोन खड्ड्यांचं. एक भरला की नळी दुसऱ्याकडे वळवा, बंद खड्डा किमान दीड वर्ष उघडू नका, मग आतलं सुकं खत झाडांना घाला. विहीर किंवा बोअर पन्नास फुटांच्या आत नको. फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या रित्या करणाऱ्या सफाईने खड्ड्यातले जंतू मरतात आणि खड्डा कुजायचाच थांबतो. रोज पाणी आणि ब्रश, आठवड्यातून एकदा थोडा साबण, पुरे.

पाणवठ्यांवरचे सौर पंप ताडोबासह अनेक ठिकाणी चांगले चालले आहेत. डिझेल पंप आणि टँकरच्या खेपा वाचतात. पण सूर्य उगवला की पंप सुरू आणि मावळला की बंद, अशा पंपाला पाणी पुरे झाल्याचं कळत नाही. पाणवठा भरून वाहत राहतो, चिखल होतो, बोअर खाली जातो. फ्लोट लावा, त्याला लोखंडी पेटी करा, रानडुकरं उकरतात. आणि सोपं झालं म्हणून दर किलोमीटरला पाणवठा करू नका. पाणी कुठे ठेवायचं याने तृणभक्षी कुठे चरतात आणि त्यांच्यामागे वाघ-बिबट कुठे फिरतात ते ठरतं. ही जागा ठरवायचं काम वनाधिकारी आणि जीवशास्त्रज्ञांचं.

आवारातल्या प्रत्येक उघड्या विहिरीला कठडा आणि प्रत्येक उघड्या टाक्याला आतून उतरता पायऱ्यांचा ओबडधोबड उतार द्या. बिबट विहिरीत पडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. टाक्यात बुडालेल्या खारी आणि मुंगसांची बातमी होत नाही इतकंच.

६. आता सोलर

वही भरली, छप्पर थंड झालं, गळती थांबली. आता लागणारी वीज आधीपेक्षा कमी असेल, आणि तेवढ्याच विजेचं सोलर घ्यायचं.

एका संरक्षण कुटीचा हिशोब करून दाखवतो. नऊ वॅटचे तीन एलईडी, पाच तास: १३५ वॅट-तास. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीस वॅटचा, बारा तास: ३६०. वायरलेस, मोबाइल, टॉर्चचं चार्जिंग: शंभर. एकूण सहाशे वॅट-तास, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त. तीनशे वॅटचं पॅनल आणि १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी यात ढगाळ दीड दिवस निघतो. इथे जुना पंखा ठेवला तर तोच एकटा सत्तर-पंचाहत्तर वॅट ओढतो आणि पॅनल जवळपास दुप्पट लागतं. म्हणजे पंखा बदलणं पॅनल वाढवण्यापेक्षा स्वस्त.

मोठ्या आवारासाठी अंदाज धरायचा तर एक किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट, आणि पॅनलला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा. सावली पडते म्हणून झाडाची फांदी कापावी लागत असेल तर पॅनलची जागा बदला, झाड नाही. ग्रीडची लाइन असेल तर महावितरणकडे नेट मीटरिंगची चौकशी करा, मग बॅटरी लहान लागते.

बॅटरी मरते ती उष्णतेने. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशाला साधारण निम्मं होतं, आणि आपण ती नेमकी टिनाच्या पोटमाळ्यावर ठेवतो. ती खाली, उत्तरेच्या भिंतीला, हवा खेळती असेल अशा जागी ठेवा. उन्हाळ्यात महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचली असेल तर जोडणी सोडवा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडी करा, वर व्हॅसलीन लावून पुन्हा आवळा. ‘बॅटरी गेली’ म्हणून परत पाठवलेल्या कित्येक बॅटऱ्या एवढ्याने चालू होतात.

लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग असते, पण पाणी मागत नाही आणि जास्त वर्षं टिकते. बिघडली तर तालुक्याला दुरुस्त होत नाही. दोन तास चालत जावं लागणाऱ्या कुटीवर माझा नियम मी इथे वाकवतो, कारण तिथे डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला पोहोचत नाही.

पॅनल पहाटे पुसायचे. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. वानरांची वर्दळ असेल तिथे पॅनलवर थोडी उंच जाळी लागते, तिची सावली पडून थोडी वीज कमी होते, ते चालवून घ्यावं.

उजेडाबद्दल. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आकाश अंधारं राखलेलं उद्यान) म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. हे तुम्हीही करू शकता: पिवळसर उजेडाचे, २७०० ते ३००० केल्विनचे दिवे, वरून झाकण, उजेड फक्त पायवाटेवर. पांढऱ्या फ्लडलाइटभोवती किडे, किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे साप येतो, आणि मग साप आला म्हणून आणखी एक फ्लडलाइट लागतो. शौचालयाच्या वाटेवर मात्र दिवा हवाच, तिथे हालचाल ओळखून लागणारा बसवा. अस्वलाच्या भागात अंधारात चालायला लावून वीज वाचवायची नसते.

७. चूल आणि बंब

डिसेंबरच्या पहाटे निवासाच्या मागे जाऊन बघा. तांब्याचा बंब पेटलेला असतो, बाजूला ऐनाच्या नाहीतर धावड्याच्या ढलप्यांचा ढीग. पाहुणे जंगल बघायला आलेले असतात आणि त्यांच्या आंघोळीला जंगलच जळत असतं. सौर वॉटर हीटर हा इथला सर्वांत सरळ उपाय आहे. खारपाणपट्ट्याच्या बाजूला, म्हणजे पूर्णा खोऱ्यात, पाणी क्षारांचं असतं, तिथे नळ्यांत थर बसतो आणि वर्षातून एकदा साफ करावा लागतो. काचेच्या नळ्यांचे हीटर वानरांपुढे टिकत नाहीत, सपाट पट्टीचे घ्या. आणि पाहुण्यांना सांगा की एक बादली मिळेल. कुणी भांडत नाही.

स्वयंपाकाला संरक्षण कुटीवर गॅस सिलिंडर पोहोचवा. बफरमधल्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस जोडण्या दिल्या जातात, समितीच्या बैठकीत त्याचा पाठपुरावा करा. गेटबाहेरच्या गावात गुरं असतील तर गोबरगॅस. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं लागतात, आणि सहा-आठ माणसांचा स्वयंपाक होतो. जनावरं नाहीत तिथे सयंत्र बांधलं तर त्यात पावसाचं पाणी साचतं, बाकी काही नाही.

८. कचरा

आत गेलेलं बाहेर आलं पाहिजे, एवढा एकच नियम. गेटवर जिप्सीमागे एक कापडी पिशवी द्या आणि परतताना मोजून घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, पण बिस्किटाचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या त्यातून सुटतात. बाटल्या थांबवायच्या तर गेटवर थंड पाण्याचे रांजण आणि स्टीलचे पेले ठेवा. पानाच्या पत्रावळी हव्या असतील तर पळसाची पानं इथे भरपूर आणि त्या लावणाऱ्या बायाही आहेत.

उरलंसुरलं अन्न उघड्यावर टाकू नका. त्यावर गावची कुत्री येतात, कुत्र्यांवर बिबट येतो, आणि मग बिबट ‘वस्तीत घुसला’ अशी तक्रार होते. ओला कचरा झाकणाच्या, कडी असलेल्या ड्रममध्ये, तोही गेटबाहेर. जिप्सी नाल्यात धुऊ देऊ नका, जुनं इंजिन ऑइल गॅरेजला परत, जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत. उंदरांसाठी विषारी गोळ्या अजिबात नको, विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो. पिंजरा लावा, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा.

९. वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

१५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी इमारतींभोवतीची जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा), छपरावरचा पाला आणि पन्हाळी साफ. मार्चमध्ये पांढरा रंग आणि कूलरच्या ताट्या. मे अखेरीस कवेलू फेरणं, पहिल्या पावसाचं पाणी वळवणाऱ्या पाइपचं तोंड उघडं आहे का ते बघणं. जुलै ते सप्टेंबर पर्यटन बंद, त्या काळात नळ, वायरिंग, रंगकाम आणि माणसांचं प्रशिक्षण. तालुक्याच्या आयटीआयमधून वायरमन झालेली गावातली दोन पोरं निवडा, कंपनीचा माणूस सोलर बसवायला येतो तेव्हा त्यांना दिवसभर त्याच्यासोबत उभं ठेवा, आणि देखभालीचा करार करताना त्यांचं मानधन त्यात लिहून घ्या. खरेदीच्या वेळीच दुरुस्तीचे पैसे बाजूला काढा, नंतर त्यासाठी निधी मिळत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी, गेट उघडण्याआधी, सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून एक रात्र दिवे-पंखे त्यांच्यावर चालवा. सकाळपर्यंत टिकल्या नाहीत तर १ ऑक्टोबरच्या आत बदलून घ्या. पहिल्या पाहुण्याची गाडी आल्यावर दुकानदार मिळत नाही.